इशारा पातळी

डॉक्टर बार्शीकडचे. नवे. हसरे.
दंडाची पट्टी सोडवत म्हणाले,
वरचं एकशे अठ्ठावन्न, खालचं शंभर.
मी विचारलं, म्हणजे इशारा की धोका?
त्यांना कळलं नाही.
मगदूम सिस्टर तिकडून म्हणाल्या,
"सर, बंधाऱ्याचं विचारतायत ते.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका."
आणि मला, खालच्या आवाजात, "कुठलं गाव?"
आंबेवाडी.
"मग बरोबर."

आकडे मला नवे नाहीत.
दूध संस्थेत रोज पहाटे पाचला
मशीन मांडून बसतो मी.
फॅट सहा आठ, सहा पाच,
रामू शिंगट्याच्या किटलीला पाच नऊ, वर त्याचं भांडण.
चौतिशीत आहे. सुपारीसुद्धा खात नाही.
तरी जुलै लागला की
छातीत डाव्या अंगाला कोण तरी
खुंट्याभोवती फिरायला लागतं.

कागदावर रकाने होते.
वडिलांना साखर? आईला बीपी?
तंबाखू? घरात कुणी अचानक गेलेलं?
पाण्याचा रकाना नव्हता.

दोन हजार पाच.
शाळेला सुट्टी, म्हणून आम्ही खूश.
दिवेलागणीला पाणी मारुतीच्या पायरीशी,
ताटं वाढेपर्यंत आमच्या उंबऱ्यात.
संपत मोरबाळेच्या स्लॅबवर अकरा माणसं,
एक कोंबडी, एक गॅसची टाकी,
ताडपत्री धरून धरून वाकडी झालेली बोटं.
खाली गोठ्यात चार म्हशी.
आप्पांना पोहता येत नव्हतं. मला येत होतं.
हे कुणी बोललं नाही.
आप्पांनी नुसता विळा पुढं केला.

पाणी छातीला लागलं
तेव्हा आत गेलेला श्वास परत यायचा विसरला.
पहिलं दावं कापलं. दुसरं. तिसरं.
चौथीचं, मोरीचं, भिजून फुगलेलं,
गाठ खुंट्याच्या बुडाशी,
आणि विळा हातातून सुटला.
विळा बोथट होता
असं मी आजवर सांगत आलोय.
सुटला.

वर स्लॅबवर रात्रभर ऐकलं:
धप्. थांबून, धप्. धप् धप्.
ओढ घ्यायची, दम खायची, परत ओढ घ्यायची.
उजाडायच्या आधी कधीतरी ते थांबलं.
आईनं माझ्या कानांवर हात ठेवले
ते त्यानंतर.

पाणी उतरलं. पंचनामे झाले.
भिंती मोजल्या, जनावरं मोजली.
शाळेच्या भिंतीवर तांबडी रेघ ओढली:
पाणी इथपर्यंत.
माझं नखसुद्धा गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं होतं.
म्हणाले, अजून अभ्यास चाललाय यावर,
पोरवयात असं काही सोसलेल्यांचं हृदय
पुढं लवकर थकतं, असं वाटतंय काहींना.
ठाम नाही सांगता येत.
मग टोपण काढून रकान्यांच्या बाहेर, कडेला, लिहिलं.
मी वाकून बघितलं.
पूर, वय चौदा.
म्हैस नव्हती लिहिली.

मशीनमधून कागदाची पट्टी सरकत आली.
एक टोक, मग सपाट, मग दोन जवळजवळ.
मी म्हटलं, हे असंच करायची ती.
डॉक्टरांना वाटलं, बायकोबद्दल बोलतोय.

गोळी सकाळी एक. मीठ कमी.
सिस्टर जिन्यापर्यंत आल्या.
"मी राजापूरची. बंधाऱ्याखालची.
मलाही हीच गोळी, अर्धी."
आणि वळून गेल्या, वॉर्डात कोण तरी हाका मारत होतं.

शिवाजी पुलावर ही गर्दी,
पाणी बघायला आलेली, हातात भाजकी कणसं.
छत्तीस फूट चार इंच, कुणी मोबाइलवर वाचलं.
मी गाडी थांबवली नाही.

घरी जाऊन गोठ्यातल्या निरगाठी सगळ्या सोडल्या,
सुरगाठी मारल्या, एका ओढीत सुटतील अशा.
पोरीला शिकवल्या.
एकदा उजेडात.
एकदा डोळे मिटून.
एकदा दावं बादलीत बुडवून.